फाल्गुनाचं पाणी

पाग पाण्यावर पडतो तेव्हाचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला तो सांगावा लागत नाही, आणि ज्यानं ऐकला नाही त्याला तो कसा सांगावा हे मला इतक्या वर्षांत साधलेलं नाही. जाळ्याच्या घेराला ओवलेले शिशाचे बारके मणी एकाच क्षणी, एका मोठ्या वर्तुळात पाण्याला टेकतात आणि वाटतं, एवढ्याशाच जागेवर वळवाची सर येऊन गेली. सर्रर्र. संपलं. नंतर उतरते ती शांतता आधीच्या शांततेहून खोल असते, कारण आता तिच्या आत जाळं उतरत असतं, हळूहळू, तळाकडे, आणि काठावरच्या आपल्याला त्यातलं काही दिसत नसतं. आपण नुसते श्वास धरून उभे.

मी सांगलीत राहते. समुद्र आमच्या वाटणीला आलेला नाही. इथला फाल्गुन हळदीचा. काहिलीत शिजणाऱ्या हळदीची वाफ, खळ्यावर वाळत पडलेली हळकुंडं, मार्केट यार्डातले सौदे, आणि रस्त्याच्या कडेच्या झाडांच्या पानांवरसुद्धा बसलेली ती पिवळी भुकटी. अशा दिवसांत यार्डात कुणी पोतं पालथं करतं, हळकुंडं फरशीवर सांडतात, आणि माझं पाऊल उगीच थांबतं. तो आवाज कोरडा, खडखडता. पाण्याचा त्यात अंशही नाही. पण कानाला फाल्गुन ठाऊक असतो. तो हळकुंडांचा आवाज बाजूला सारून त्याच्यामागचा दुसरा आवाज शोधू लागतो, आणि मी भर दुपारी, हमालांच्या गर्दीत, चिपळूणच्या खालच्या अंगाला, वाशिष्ठीच्या खाडीत गुडघाभर पाण्यात उभी असते.

माझे वडील, अण्णा, मूळचे आटपाडीकडचे. माणदेशाचा तो दुष्काळी टापू. माणगंगेच्या नावात गंगा, पण पात्रात वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू. १९७२ च्या दुष्काळात अण्णा कोवळे होते. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली आणि दुपारी ओंजळीत सुकडी घेऊन खाल्ली. त्या वर्षाबद्दल ते फार बोलत नाहीत. विषय निघालाच तर एवढंच सांगतात, की विहिरीत पोहरा सोडला की तो तळाच्या दगडावर आपटल्याचा आवाज यायचा, आणि तो आवाज ऐकून त्यांची आई रहाटापाशीच खाली बसायची.

असा माणूस पुढे कोयना प्रकल्पात लागला आणि आयुष्यभर पाणी सोडत राहिला. आमचं बालपण गेलं ते अलोऱ्याच्या वसाहतीत. कुंभार्ली घाट उतरला की सह्याद्रीच्या पायथ्याला कोळकेवाडीचं धरण, आणि त्याच्याजवळ ही प्रकल्पाची बैठी घरं. वसाहतीत घाटावरची माणसं पुष्कळ. कराड, पाटण, वाळवा, तासगाव, खानापूर. संध्याकाळी ओळीतल्या घरांतून भाकरी थापल्याचे आवाज येत आणि बाहेर कोकणचा अंधार रातकिड्यांनी किर्रर्र भरून जाई. पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना बुरशी धरायची. आई म्हणायची, देवा, यातला चार आणे पाऊस आमच्याकडं पाठव रे.

कोयना ही खरं तर पूर्वेची नदी. महाबळेश्वरला उगम, तिथून डोंगररांगांमधून सरळ दक्षिणेला, हेळवाकला एकदम डावीकडे वळण, आणि मग पाटणवरून कराडला, प्रीतिसंगमावर कृष्णेच्या समोर येऊन उभी. तिथून पुढे ती कृष्णा. सांगलीच्या घाटाला लागायचं, हरिपूरला वारणेला पोटात घ्यायचं, आणि सगळा दख्खन ओलांडून पार बंगालच्या उपसागराला मिळायचं. पण हेळवाकच्या त्या वळणापाशी कोयनेला समुद्र किती जवळ आहे! मधे उभी एक डोंगराची भिंत. माणसांनी त्या भिंतीतून बोगदे काढले. कोयना धरणाच्या शिवसागराचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळलं, पोफळीच्या भुयारात कोसळून त्यानं वीज केली, कोळकेवाडीला जरा विसावलं, अलोऱ्याला पुन्हा एकदा खाली उतरून आणखी वीज केली, आणि वाशिष्ठीत मिसळून अरबी समुद्राकडे निघालं. वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असं पश्चिमेला जाऊ द्यायचं, हे कृष्णेच्या पाण्याचा निवाडा करणाऱ्या बच्छावत लवादानं ठरवून दिलेलं. आमच्याकडे हा आकडा शाळेतल्या पोरांनाही पाठ होता. वीज करून झालेल्या पाण्याला तिकडे अवजल म्हणतात.

अण्णांची ड्यूटी या पाण्याच्या शेवटच्या पायरीवर. भुयारातल्या यंत्रांपाशी. आठ तास ते पाण्याची घरघर ऐकत आणि वर येत तेव्हा आमचं बोलणं त्यांना थोडं उशिरा पोचे. आपण सोडलेलं हे सगळं पाणी जातं कुठे, हा प्रश्न माणदेशातल्या माणसाला पडणारच. अण्णा खाडीवर मासे धरायला जातात असं वसाहतीत सगळे म्हणत. ते जात पाणी बघायला.

त्यांच्याबरोबर ड्यूटीवर असणारे एक काका गोवळकोटच्या खालच्या खाडीकाठच्या एका गावातले. त्यांच्या घरात पाग, गरी, तंगूस, होडी हे सगळं पिढ्यान्पिढ्यांचं. शिमग्याची सुट्टी लागली की अण्णा मला घेऊन त्यांच्याकडे मुक्कामाला जायचे. आई धाकट्याला घेऊन घरी राहायची. तिला खाडीचा चिखल आवडत नसे. रात्री गावात पालखी नाचत असायची. ढोल पाण्यावरून ऐकू येतो तेव्हा तो कुठल्या काठावर वाजतोय ते कळत नाही, दोन्ही काठ एकमेकांना हाका मारत असल्यासारखे वाटतात. मी ओटीवर गोधडीत, आणि अण्णा-काकांचं बोलणं चाललेलं. ते बोलणं मशिनांवरून निघून नेहमी भरती-ओहोटीवर येऊन थांबायचं.

काकांकडे घड्याळ होतं, पण भरतीसाठी त्यांना पंचांग लागायचं. ‘तिथीची तिप्पट करायची नि चारानं भागायचं गो पोरी, आलं तुझं भरतीचं टायम.’ पुनवेची पंधरावी तिथी. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या आसपास, दुपारची नि रात्रीची. सुकती तिच्या सहा तास आधी, पाच-सव्वापाचला, ऐन पहाटे. अष्टमीला हाच हिशेब सहावर येतो आणि तेव्हा भांगाचं पाणी असतं, आळसावलेलं, ना धड चढत ना धड उतरत. हा हिशेब मुंबईकडच्या पाण्याचा. आमच्या खाडीला तो थोडा मागेपुढे करून घ्यावा लागतो. पण गणिताच्या कुठल्याच पुस्तकात मला इतकं जिवंत गणित पुढे भेटलं नाही. आकाशात चंद्र वाढतो आणि इथे चिखलातली एक होडी आपोआप उचलली जाते, आणि मधल्या सगळ्या गोष्टीला तीन आणि चार एवढे दोनच आकडे पुरतात!

पहाटे उठवलं जाई तेव्हा अंगणात गारवा असे. फाल्गुनातला गारवा अंगाला झोंबत नाही, नुसता टेकतो. मतलई वारा डोंगराकडून खाली येत असायचा आणि त्याच्याबरोबर आंब्याच्या मोहोराचा वास, काजूच्या फुलांचा वास, आणि कुठेतरी आदल्या दिवशी भाजावळ केली असेल तर जळक्या कवळांचा, राखेचा वास. पायवाट तिवरांमधून उतरायची. पाणी इतकं मागे गेलेलं असायचं की रात्री झोपताना ऐकलेली खाडी ती हीच का, असं वाटावं. तिवरांची श्वासमुळं चिखलातून बोटं वर काढून उभी. निवट्या टुणटुणत पळणाऱ्या. पलीकडच्या दांड्यावर एखादी मगर ओंडक्यासारखी पडलेली असे. मला तिची भीती वाटत नसे, कारण सांगलीकडच्या कृष्णेतही मगरी आहेत, आणि भिलवडीचे पाहुणे घरी आले की त्यांच्या गोष्टी मी मांडीवर बसून ऐकलेल्या होत्या.

काका पाग टाकायचे तो क्षण मी आजही डोळ्यांपुढे सावकाश उलगडू शकते. जाळ्याच्या शेंड्याची दोरी डाव्या मनगटाला अडकवलेली. त्याच हातात जाळ्याच्या घड्या, एकीवर एक. मग घेराचा एक पदर उचलून कोपरावर टाकायचा. काठावरचा एक शिशाचा मणी दातांत धरायचा. दात आणि शिसं यांचा बारीक ‘टक्’ असा आवाज मला ऐकू यायचा, इतकी मी जवळ असे. उरलेला घेर उजव्या हातात. मग काका पाण्याकडे पाठ होईपर्यंत कमरेतून वळायचे, आणि त्या वळण्यात काही घाई नसे. पाण्याच्या पातळीवर नजर. कुठेतरी बोयींचा थवा वर येऊन पाण्याला सुरकुती पाडतो तेवढीच खूण. आणि मग एकदम अंग सुटायचं, हात सुटायचे, दात सुटायचे, आणि हवेत एक गोल उमलायचा. पूर्ण गोल. पहाटेच्या राखाडी उजेडात तो गोल क्षणभर तरंगत राही, त्याच्या भोकाभोकांतून पलीकडचे तिवर दिसत, आणि खाली येताना तो आवाज.

सर्रर्र.

त्या आवाजाबरोबर अण्णा डोळे मिटायचे. हे मी पाहिलंय. काका जाळ्याकडे बघत, मी काकांकडे, आणि मधेच माझी नजर अण्णांकडे जाई तर त्यांचे डोळे मिटलेले. कोरड्या विहिरीच्या तळाला आपटणारा पोहरा ज्या कानांनी ऐकला होता, त्या कानांना हा आवाज काय देत असेल याचा विचार मी फार उशिरा, स्वतः आई झाल्यावर केला. पाण्यावर काही पडावं आणि पाण्यानं त्याला उत्तर द्यावं.

दोरी हळूहळू ओढायची. जाळं मिटत मिटत येतं, मणी तळाच्या चिखलावरून एकमेकांना बिलगत येतात, आणि मासा आत असेल तर दोरीतून तो हाताला कळतो. काका कधी कधी दोरीवर माझा हात ठेवायचे. ती थरथर कोपरापर्यंत यायची. काठावर जाळं झाडलं की त्यातून बोयी निघायच्या, चंदेरी, लांबट, डोक्यानं चपट्या. बोयीच्या डोळ्यावर एक पारदर्शक चरबट पडदा असतो. मासा हातात घेऊन डोळ्याजवळ डोळा नेला की तो दिसतो. डबक्यावर थंडीत सायीसारखं काही धरावं तसं त्या डोळ्यावर काही धरलेलं असतं आणि त्याच्याआडून तो मासा आपल्याकडे बघत असतो. काळुंदर असायची, खरखरीत काट्याची, हिरवट करडी, अंगावर मोत्यासारखे ठिपके. कधी कोळंबी. क्वचित एखादी तांबोशी, आणि ती निघाली की काका काही न बोलता ती वेगळ्या पाटीत टाकायचे, ती घरच्यांसाठी. माझ्या मनगटावर बोयीची खवलं चिकटून वाळायची आणि दिवसभर उन्हात चमकायची. मी ती मुद्दाम धूत नसे.

आणि अण्णा पाणी चाखायचे. पाण्याशी वाकून आधी बोटं बुडवायची, मग ती बोटं कपाळाला लावायची, मग जिभेला. अलोऱ्याला गोड. चिपळूणच्या पुलाखाली गोडच. गोवळकोटला मचूळ. काकांच्या गावापाशी ओहोटीला मचूळ आणि भरतीला खारट. ‘आज गोडं पाणी जास्त हाय,’ ते म्हणायचे. ‘काल संध्याकाळी चारी मशिनं चालू होती.’ काकांना ते पटायचं, कारण त्यांनाही खाडीत हेच दिसत असे. कोकणातल्या बाकीच्या नद्या फाल्गुनापर्यंत धापा टाकू लागतात, पात्रात डबकी उरतात. वाशिष्ठी मात्र वाहत असते. तिकडे मुंबई-पुण्याला तिन्हीसांजेला दिवे लागतात, विजेची मागणी चढते, इकडे झडपा उघडतात, आणि नदी फुगते. त्या खाडीला भरत्या दोन. एक चंद्राची, एक दिव्यांची. चंद्राची खालून येते आणि दिव्यांची वरून, आणि जिथे त्या एकमेकींना भेटतात तिथे पाणी जरा थबकतं, त्याच्यावर फेसाची एक वाकडी रेघ उमटते, आणि तिथेच बोयी गोळा होतात. काका नेमके त्या रेघेवर पाग टाकायचे.

म्हणजे जो गोल हवेत उमलत होता तो आमच्याच नदीवर उतरत होता. कराडला जायचं सोडून डोंगरातून इकडे आलेल्या नदीवर. आम्ही परक्या मुलखात, परक्या पाण्यावर उभे आहोत असं मला वाटायचं तेव्हाही पायांभोवती होतं ते पाणी सातारा जिल्ह्यातलं, महाबळेश्वरच्या पावसाचं, तापोळ्याच्या काठांवरून, बामणोलीच्या शेतांवरून आलेलं.

अण्णांना याचा आनंद व्हायचा की दुःख, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही असावीत. आटपाडीत टँकर येतोय अशी पत्रं गावाकडून येत होती, आणि इथे मैलच्या मैल गोडं पाणी खारात मिसळत होतं. विजेनं गिरण्या चालल्या, कारखाने चालले, घरं उजळली, आमच्या घरातलं अन्न त्याच पाण्यानं शिजलं. पण तहानेला हिशेब समजत नाही. एकदा काठावर बसल्या बसल्या ते म्हणाले, ‘आपल्या गावावरनं गेलं असतं तर किती दिवस पुरलं असतं गं?’ प्रश्न मला नव्हता. मी उत्तर दिलं नाही. समोरच्या फेसाच्या रेघेवर घार घिरट्या घेत होती.

पुढे एका फाल्गुनात काका आम्हाला थेट खाडीच्या तोंडाशी घेऊन गेले. वेलदूरहून त्यांच्या नात्यातल्या एकाची होडी होती. अजून उजाडायचं होतं आणि मतलई वारा पाठीशी होता. तो आपल्याला समुद्रात नेतो आणि दहा-अकराला खारा वारा सुटला की तो घरी आणतो. वेलदूरकर याला सोय म्हणत नाहीत, नेम म्हणतात. डाव्या हाताला अंजनवेलच्या टेकाडावर गोपाळगडाची तटबंदी, उजव्या हाताला दाभोळ. बहामनी-आदिलशाहीच्या काळात हे केवढं बंदर होतं. घाट उतरून आलेले बैलांचे तांडे इथल्या गलबतांना माल देत आणि जाताना मीठ, नारळ, सुके मासे घेऊन पुन्हा घाट चढत. आटपाडीच्या आठवडी बाजारात जे बोंबील नि सुकट ढिगानं विकायला येई, तो आमच्या गावाला माहीत असलेला एकमेव समुद्र. आजी त्याला तव्यावर भाजायची आणि धुरानं सगळं घर खोकायचं. तो समुद्र आता ओला, हलता, काठच नसलेला असा माझ्यासमोर होता आणि मला वाटत होतं, आजीला इथे आणायला हवं होतं.

फाल्गुनातला समुद्र निवळ असतो. पावसाळ्यातलं गढूळ पाणी केव्हाच बसलेलं, थंडीतल्या वाऱ्यांचा जोर सरलेला, आणि उन्हाळी उधाणांना अजून अवकाश. नांगर टाकून होडी थांबली. काकांनी गरीला कोळंबीचा तुकडा लावून तंगूस सोडला. शिसं किती वेळ खाली जात राहिलं! मग त्यांनी एक केलं. वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवलं आणि मूठ कानाला लावली. बराच वेळ ऐकलं. मग मला जवळ ओढून मूठ माझ्या कानाला लावली.

आधी काहीच नाही. लाटांचा होडीला लागणारा डुबडुब. मग त्याच्याही खालून, कुठूनतरी दुरून, एक गुरगुर. थांबून थांबून. कुणी झोपेत बोलावं तशी. ढोमे, काका म्हणाले. ढोमा पोटातल्या हवेच्या पिशवीनं आवाज करतो, आणि थवाच्या थवा एकत्र आला की समुद्राचा तळ बोलू लागतो. पाण्याच्या वर वाऱ्याखेरीज काही नव्हतं आणि खाली एक अख्खं गाव जागं होतं. थोड्या वेळानं गरीला ढोमा लागला. वर काढला तरी तो गुरगुरत होता, हातातसुद्धा, आणि त्याची ती गुरगुर तळव्याला कळत होती. अण्णांनी वल्ह्याची मूठ कानाला लावली ती खाली ठेवेचनात. भुयारात आठ-आठ तास पाण्याची घरघर ऐकणारा तो माणूस, त्याच्या चेहऱ्यावर मी तसं हसू आधी पाहिलं नव्हतं. मग ते वाकले, बोटं बुडवली, कपाळाला लावली, जिभेला लावली. तोंड कडूजार झालं असणार. ‘पोचली,’ एवढंच म्हणाले.

घरी आई त्या माशांना आपली हळद लावायची. गावाकडून पिशवीतून आलेली, सांगली भागातली, गडद केशरी. तिला स्वतःला मासे खाणं उशिरा जमलं, पण हळद लावणं मात्र तिनं कुणाला करू दिलं नाही. काकांच्या घरून आलेली आगळाची बाटली आणि आमची हळद. काळुंदरीला आडव्या चिरा पाडून त्यांत ती बोटानं हळद भरायची, आणि तिची बोटं, नखं, बांगड्यांची कड, सगळं पिवळं व्हायचं. तव्यावर तेल तडतडू लागलं की शेजारची तासगावची वहिनी कुंपणावरून विचारायची, आज काय घावलं?

सगळीच वर्षं अशी गेली नाहीत. एका फाल्गुनात आम्ही पोचलो तर काकांनी पाग बाहेरच काढला नव्हता. खाडीकडे जाण्याआधीच वास आला. ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलावर बोयी आणि काळुंदरी पोट वर करून पसरलेल्या होत्या, मैलभर, आणि त्यांच्यावर घारीसुद्धा उतरत नव्हत्या. कारखान्यांचं सांडपाणी आलं होतं. पाण्याचा रंग बदलला होता. काका पायरीवर बसून पागाची फाटकी भोकं सुईनं विणत होते, जी विणायची काहीच निकड नव्हती, आणि अण्णा त्यांच्याशेजारी बसून राहिले. त्या दिवशी अण्णांनी पाणी चाखलं नाही. डोंगरातून एवढं गोडं पाणी खाली पाठवायचं आणि खाली त्यात हे मिसळायचं, याचा राग त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. माझ्याही नाही. मासेमारी करणारी किती घरं त्यानंतर खाडी सोडून मुंबईला गेली, आणि शिमग्यापुरती उघडणारी किती दारं त्या काठांवर आहेत, ते आजही तिथे जाऊन बघावं.

१९९९ च्या १३ मार्चला, फाल्गुनातच, शिवसागराच्या तळाशी खडकाचा शेवटचा पडदा फोडून कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याच्या बोगद्यात पाणी घेतलं. वसाहतीत त्या दिवशी सण होता. मी तेव्हा सासरी सांगलीत, अण्णांचं पत्र आलं. त्यात त्या स्फोटाबद्दल दोन ओळी आणि काकांबद्दल अर्धं पान. काका निवृत्त होऊन गावी राहायला गेले होते, खांदा धरला होता, पाग पूर्वीसारखा फुलत नाही म्हणून मुलाला शिकवत होते. मुलाचा गोल अजून लंबुळका पडतो, असं अण्णांनी लिहिलं होतं.

अण्णा आता माझ्याकडे असतात. टेंभूच्या योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून आटपाडीच्या तलावांत सोडलं, तेव्हा ते हट्टानं गावी जाऊन आले. गावच्या तलावाच्या काठाला उकिडवे बसले, बोटं बुडवली, कपाळाला लावली, जिभेला लावली. मी शेजारी होते. गोड आहे का, असं मी विचारलं नाही. चेहऱ्यावरून कळत होतं. तलावात पोरं गळ टाकून बसली होती. अण्णा त्यांच्याजवळ जाऊन तंगूस कुठला, काटा कितीचा, अशी चौकशी करत राहिले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, इथं भरती नाही येत, तेवढंच.

काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. पाग त्यांच्या मुलाकडे आहे, आणि त्याचा गोल आता चांगला पडतो म्हणे. परवा त्याचा फोन आला, शिमग्याला या. अण्णांचे गुडघे, घाटाची वळणं, रात्रीचा प्रवास, सगळं मी बोलून पाहिलं. ते भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभे राहून ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते. पंधरा त्रिक पंचेचाळीस. सव्वाअकरा. म्हणजे सव्वापाचची सुकती. खाडीवर पाचला पोचायचं तर सांगलीतून रात्री दहाला निघावं लागणार, साडेअकरा-बाराला कराड, तिथे चहा, पाटण, कोयनानगर, आणि दोनच्या आत कुंभार्लीच्या माथ्यावर. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होते: स्वेटर, बॅटरी, औषधांचा डबा, चारदा चहा पुरेल एवढा थर्मास, हळदीची पुडी. लेक म्हणाली मीपण येणार, मला वल्हं कानाला लावून ऐकायचंय. तिला होडीचं नक्की नाही असं सांगितलं.

‘वेळ राहिला तर घाट उतरल्यावर झोप काढू थोडी,’ मी म्हटलं.

‘झोप कशाला,’ अण्णा म्हणाले. ‘अलोऱ्यापाशी गाडी उभी करायची आणि इंजिन बंद करायचं. किती मशिनं चालू हायत ते मला आवाजावरनं कळतंय.’